नाव घातलेला डबा

आपल्या लोकांना सत्काराची भारी घाई. माणूस अजून विमानात बसलेला नाही, बुटांना मातीसुद्धा लागलेली नाही, आणि आमच्या मराठी मंडळाने त्याला स्टेजवर खुर्ची देऊन शाल पांघरली, हातात नारळ दिला. मागे टेबलावर बटाटेवडे गार होत होते. मी शेवटच्या रांगेत बसून त्या वड्यांकडे बघत होते.

मी पद्मिनी. ट्रलीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. बोलत्या माणसाला गप्प करणं हा माझा धंदा, आणि मंडळाच्या कार्यक्रमात माझे हात फार शिवशिवतात. ट्रली म्हणजे आयर्लंडचं पश्चिमेचं टोक, रेल्वे तिथेच संपते. माझ्याशी मराठी बोलणारं तिथे कुणी नाही. होतं एक जोडपं, तेही गेलं ऑस्ट्रेलियाला. म्हणून वर्षातून दोनदा मी अर्धा दिवस रेल्वेत घालवून डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला मंडळात येते. लग्न केलं नाही. आधी जमलं नाही, मग राहूनच गेलं. आता साठी आली. यावर कुणी हळहळलं की मला राग येतो, तेव्हा हळहळू नका.

तर सत्कार हृषीकेशचा. पन्नाशीचा, सॉफ्टवेअरवाला, पुण्यात असताना दर रविवारी गडावर जाणारा. आता तो पेरूला निघाला होता. अँडीज पर्वतात, वस्तीपासून लांब, हिमशिखरांना वळसा घालून जाणारा बऱ्याच दिवसांचा ट्रेक. आमचे अध्यक्ष बाळासाहेब माइक सोडेनात. "जिथे श्वासालासुद्धा हवा पुरत नाही, तिथे आपला मराठी गडी पायी जाणार!" मग त्यांनी एक भगवं बॅनर उलगडलं. 'आयर्लंडच्या मराठी माणसाचा अँडीजला मुजरा.' सगळ्यात उंच खिंडीत हे धरून फोटो काढायचा, असा हुकूम झाला. टाळ्या थांबेनात. हृषीकेशचे डोळे भरून आले. त्याची बायको यामिनी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती, पण ओठ घट्ट मिटलेले.

का, ते सगळ्या हॉलला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. फेब्रुवारीत त्याची नोकरी गेली होती. एका दुपारी मीटिंगला बोलावलं आणि संध्याकाळी लॅपटॉप परत घेतला. तेव्हापासून तो घरी, आणि यामिनीची नोकरी चालू. घरी बसलेल्या माणसाने पेरूला जावं का, यावर वड्यांच्या रांगेत सगळ्यांनी आपापलं मत दिलं. तो जवळ आला की मात्र "वा वा, ग्रँड!" म्हणायचे. मीही म्हणाले.

आणि दोनेक आठवड्यांनी तो मला ट्रलीत, सुपरमार्केटमध्ये, कोथिंबिरीपाशी भेटला.

आधी वाटलं, भास झाला. मग ते नारिंगी जाकीट ओळखलं. सत्काराच्या दिवशी ते त्याने घालून दाखवलं होतं. त्या घटकेला हा माणूस अँडीजमध्ये तंबूत असायला हवा होता. इथे तो नूडल्सची पाकिटं हातात घेऊन उभा.

"हृषीकेश?"

"डॉक्टर, प्लीज, मोठ्याने नको!"

"अरे, ट्रलीत मोठ्याने मराठी बोललं तर कळणार कुणाला? मला बोलू तरी दे, दोन आठवडे झाले बोलले नाहीये."

मी त्याच्या उतरलेल्या तोंडाकडे बघितलं. नूडल्स परत फळीवर ठेवायला लावल्या आणि त्याला घरी आणलं. वरणभात केला, वर तूप, लिंबाची फोड. तो मान खाली घालून जेवला. तीनदा भात घेतला. मी माझं यंत्र आणून त्याच्या बोटाला लावलं, रक्तातला ऑक्सिजन मोजायचं. अठ्ठ्याण्णव. "बरा आहेस की," मी म्हटलं. "आता बोल."

ट्रेकची सुरुवात छान झाली होती. रस्ता संपतो तिथे गाढवं वाट बघत उभी, त्यांच्या पाठीवर तंबू आणि सामान चढवायचं आणि आपण मागून चालायचं. दोन्ही बाजूंना पिवळं वाळकं गवत, झाड म्हणून नाही, आणि गवत संपतं तिथून एकदम बर्फ. पहिल्या मुक्कामावर पहाटे तंबू आतून गोठला होता, झटकला तर अंगावर बर्फ पडला. हृषीकेश म्हणाला, एवढा आनंद त्याला वर्षभरात झाला नव्हता. मग पहिली खिंड चढताना डोकं दुखायला लागलं. कुणी आत बसून उखळात कांडतंय असं. दुसऱ्या मुक्कामाला पोचला तेव्हा त्याला स्वतःच्या बुटांची नाडी सोडता येईना. त्यांच्या गाइडने तसलंच यंत्र त्याच्या बोटाला लावलं. एकसष्ट.

"एकसष्ट!" मी ओरडलेच. "अरे, माझ्या टेबलावर हा आकडा दिसला तर मी सर्जनला बाजूला ढकलते!"

"तोही तेच म्हणाला. आत्ताच्या आत्ता खाली. मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबू. तो ऐकेना."

"बरोबर केलं त्याने. सकाळपर्यंत थांबला असतास तर बाळासाहेबांना दुसरी सभा घ्यावी लागली असती."

तो हसला नाही. ताटात बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "आजारी माणसासाठी एक घोडा ठेवलेला असतो. तो लंगडत होता."

"मग चालत उतरलास?"

"चालवत नव्हतं." त्याने ताट बाजूला सारलं. "मला गाढवावर बसवलं."

मी वाडग्यातलं वरण ढवळत राहिले, कारण हसू येत होतं आणि हसायची ती वेळ नव्हती.

"डॉक्टर, गाढवावर! मुलं लहान असताना आपण काय सांगतो, चूक केली की गाढवावर बसवून गावातून धिंड काढायचे. माझी काढली. खालच्या खेड्यात पोचलो तर पोरं मागून धावत आली. ती हसत नव्हती, हात हलवत होती बिचारी. पण मला तसंच वाटलं. आणि सॅकच्या वर बाळासाहेबांचं ते बॅनर, मुजरा लिहिलेलं."

"त्या गाढवाला नमस्कार कर," मी म्हटलं. "त्याने तुला जिवंत आणलं."

"तुम्हाला म्हणायला सोपं आहे."

खाली शहरात आल्यावर बरं वाटलं. हॉटेलात ट्रेक संपेपर्यंत एकटं बसणं जमेना, म्हणून विमानाचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. डब्लिनला उतरला आणि विमानतळावर उभा राहिला तेव्हा लक्षात आलं की घरी जाता येणार नाही. मग स्टेशनवर येऊन, सगळ्यात लांब जाणारी गाडी कुठली, ती धरली. ती गाडी ॲडम्सटाउनवरून, त्याच्या घराजवळून जाते, थांबत नाही. आपलं स्टेशन आलं तसा हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला. डोकं वर काढलं तेव्हा शेतं लागली होती. रेल्वे संपली तिथे उतरला, एका बाईच्या घरी नाश्त्यासकट खोली घेतली, आणि आता ट्रेक संपायच्या तारखेची वाट बघत होता.

"यामिनीला फोन लाव," मी म्हटलं. "आत्ता, माझ्यासमोर."

"नाही."

"अरे पण का? आजारी पडलास, परत आलास. चोरी केलीस का?"

"ती निघताना म्हणाली होती, तुला झेपणार नाही. भांडण करून नाही हो, साधं, इस्त्री करता करता म्हणाली. आता तिचंच खरं ठरलं की मला काय उरलं?" तो खिडकीकडे वळला. "आणि फेब्रुवारीपासून माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. त्या एका दिवशी वाजवली. ती परत कशी देऊ?"

मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले तर हा दाराशी उभा, हातात मेथीची जुडी. ट्रलीत मेथी कुठून आणली देव जाणे. मग रोजचंच झालं. दिवसभर तो समुद्राकाठी फिरायचा आणि संध्याकाळी जेवायला माझ्याकडे यायचा. मी कांदा चिरायचे, तो कणीक मळायचा आणि घड्याळाकडे बघायचा. पेरूत तेव्हा दुपार. "आता ते दुसऱ्या तळ्यापाशी असतील," तो म्हणायचा. "आता मोठी खिंड चढत असतील. आता उतरायला लागले असतील." सगळा मार्ग त्याला पाठ होता. त्याच्या गटातले लोक त्याच्याशिवाय चालले होते आणि हा माझ्या ओट्यापाशी उभा राहून त्यांच्या मागोमाग चालत होता. पोळी लाटता लाटता मीही चालायला लागले. दारातून आत आल्या आल्या विचारायचे, "काय, आज कुठपर्यंत पोचलो?"

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. घरी परतताना पावलं भराभर पडायची. वीस वर्षं मी त्या घरात रेडिओशी बोलते. हवामानाच्या बातम्या सांगणाऱ्या बाईला उलट उत्तरं देते. आता ताटं दोन लागत होती, आणि मीठ कमी पडलं तर सांगणारं कुणी होतं. फोन लाव, सांगून टाक, हे मी त्याला रोज म्हणायचे. तो रोज नाही म्हणायचा. मग आम्ही जेवायचो.

शेवटी ते बॅनर निघालं. "फोटो तर लागेल," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता.

"माझ्या घरात असले धंदे चालायचे नाहीत," मी म्हटलं. आणि रविवारी गाडी काढली.

ट्रलीहून डिंगलकडे जाताना कॉनर पास नावाची खिंड लागते. उंची काय म्हणाल तर सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही, गाडी थेट वर जाते. पण ढग आला की चार पावलांवरचं दिसत नाही, आणि आमच्या केरी परगण्यात ढग कधी नसतो! वर पोचलो तेव्हा सगळं पांढरं. वारा कानात शिरत होता. हृषीकेश जाकीट घालून, टोपी ओढून, एका खडकावर चढला आणि बॅनर धरायला लागला. ते फडफडून त्याच्याच तोंडावर बसत होतं. मी पलीकडून सूचना देत होते, त्याला एक ऐकू येत नव्हती.

"काय वारा आहे मेला!" मी ओरडले. "हाक मारली तर हाक मागेच राहते!"

शेवटी बॅनर सरळ झालं. त्याने अँडीजमध्ये असल्यासारखं तोंड केलं. मी फोन वर धरला, आणि त्याच क्षणी ढगातून एक मेंढी आली. पाठीवर निळ्या रंगाचा भलामोठा पट्टा, इकडे मालकाची खूण म्हणून लावतात तो. आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून कॅमेऱ्याकडे बघायला लागली, अगदी सत्काराला बसल्यासारखी. हृषीकेशने खाली बघितलं आणि तो हसायला लागला. किती हसावं माणसाने! बॅनर सुटलं, तो खडकावर बसला, डोळे पुसत होता आणि पुन्हा मेंढीकडे बघून हसत होता. मी हसत होते आणि फोटो काढत होते. खाली डिंगलला जाऊन आम्ही पावसात उभं राहून आइस्क्रीम खाल्लं. माझा एवढा चांगला रविवार कधी गेला होता, आठवत नाही.

मेंढी नसलेला, गंभीर तोंडाचाही एक फोटो निघाला होता. त्याने तोच घेतला.

तो जायच्या दिवशी मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि डब्यात भरून दिली. डबा माझा जुना, स्टीलचा. मी डॉक्टर झाले तेव्हा मावशीने नाव घालून दिलेला. पोटावर ठळक अक्षरांत, 'चि. डॉ. पद्मिनी हिस, मावशीकडून, मिरज'. दुसरा रिकामा डबा जवळ नव्हता असं नाही. पण डबा परत द्यायला तरी माणूस येतो, असं माझ्या मनात होतं.

"यामिनीला सांग," मी प्लॅटफॉर्मवर म्हटलं.

"बघतो," तो म्हणाला आणि गाडीत बसला. घरी आले तर ओट्यावर कणकेची परात त्याने धुऊन उपडी घातलेली. मी रेडिओ लावला.

मग तीन महिने काही नाही. एकदा मेसेज आला, "सगळं ग्रँड. थँक्स फॉर एव्हरीथिंग. तुमचा डबा गाडीत राहिला बहुतेक, सॉरी." डब्याचं जाऊ दे, पण मला खूप वाईट वाटलं. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा खाली ठेवला. काय म्हणून करायचा? त्याच्या जगात मी तर त्याला सत्कारानंतर भेटलेलेच नव्हते.

दिवाळीचा कार्यक्रम आला. तोच हॉल, तीच मागची रांग. बाळासाहेबांनी सत्कार अर्ध्यावर थोडाच सोडला होता! मोठ्या पडद्यावर फोटो लावला. पांढरा ढग, नारिंगी जाकीट, मुजरा. हृषीकेश माइकवर आला. नोकरी अजून मिळाली नव्हती, चेहरा ओढलेला होता. खाली बघत बोलत होता. "खिंडीत पोचलो तेव्हा वारा असा होता," तो म्हणाला, "की हाक मारली तर हाक मागेच राहते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वाक्याला! मी इकडेतिकडे बघितलं. सांगणार कुणाला?

तेवढ्यात यामिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मोरपंखी साडी, मांडीवर कापडी पिशवी. आमची ओळख नमस्कारापुरती.

"पद्मिनीताई, हे तुमच्यासाठी. फराळाचं आहे," ती हळू आवाजात म्हणाली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "डबा माझा आहे. तुमचा मी इतक्यात देत नाही."

मी पिशवी घट्ट धरली.

"तो आला त्याच दिवशी सॅक उपसली. तळाशी डबा. आत चटणीचा वास. पेरूत कोण कुटून देतं शेंगदाण्याची चटणी? आणि वर तुमचं नाव, गाव, सगळं. पद्मिनी नावाची डॉक्टर आयर्लंडमध्ये मला एकच माहीत आहे."

"अगं, मी त्याला रोज सांगत होते, की..."

"तुम्हाला काही म्हणत नाहीये हो." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "कसा होता तो तुमच्याकडे? आजारी होता?"

"उंचीचा त्रास झाला त्याला. जिवावरचं होतं. माझ्याकडे आला तेव्हा बरा होता. जेवायचा नीट."

तिने डोळे मिटून घेतले. "मला वाटलंच. म्हटलं, त्याने स्वतःहून सांगावं. तुमच्या डब्यात मी चहापावडर भरली आणि ओट्यावर ठेवला, नाव पुढे करून. सकाळचा चहा तोच करतो. रोज तो डबा हातात घेतो, उघडतो, परत ठेवतो. तीन महिने! एक अक्षर बोलला नाही. मी पलीकडे डबे भरत उभी असते आणि वाट बघते. ताई, मी तर रागावलेसुद्धा नव्हते. आता मात्र रोज थोडी थोडी रागावत चाललेय."

स्टेजवर हृषीकेश हिमशिखरांचं सांगत होता. यामिनी पडद्यावरच्या त्या गंभीर तोंडाकडे बघत होती.

"हे तोंड मला रोज दिसतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे तो हसायचा का हो?"

मी पर्समधून फोन काढला. मेंढीचा फोटो शोधला आणि तिच्या हातात दिला.

ती बघत राहिली. बोटाने फोटो मोठा केला, आधी मेंढी, मग त्याचं तोंड. मग फक्त तोंड. त्याचे डोळे हसून मिटलेले, दात दिसतायत, टोपी वाकडी. तिच्या गालावरून पाणी आलं तरी ती पुसेना. "असा हसला होता?" तिने विचारलं. "माझ्यासमोर नाही हसला. फेब्रुवारीपासून एकदाही नाही."

"वहिनी!" बाळासाहेब माइकवरून ओरडले. "या, या, जोडीने सत्कार!"

तिने फोन परत दिला, पदराने तोंड पुसलं आणि पुढे गेली. दोघांच्या खांद्यांवर मिळून एक शाल घातली. फोटो निघाले. दोघंही समोर बघत होती.

यामिनी हॉल आवरायला थांबली आणि मला डब्लिनच्या स्टेशनवर सोडायचं काम हृषीकेशकडे आलं. गाडीत तो जास्तच बोलत होता. रस्त्याची कामं, पाऊस, आमच्याकडे थंडी किती. मी ऐकून घेतलं आणि मग म्हटलं,

"रोज सकाळचा चहा तूच करतोस ना?"

"हो. का?"

"पावडर कशातून घेतोस?"

"डब्यातून."

"कुठल्या?"

"अहो, स्टीलचा आहे एक. आपल्या घरात स्टीलचे डबे काय कमी असतात?"

मी त्याच्याकडे बघितलं. कपाळ माझं! त्याने तो वाचलेलाच नव्हता. तीन महिने रोज सकाळी माझं नाव, माझी मावशी आणि मिरज हातात धरून या गृहस्थाने चहा केला होता, आणि ती बिचारी त्याच्या गप्प बसण्यावर झुरत होती. घरात नाव घातलेल्या डब्यांत वाढलेला माणूस, डब्यावरचं वाचतो कशाला!

"उद्या सकाळी त्या डब्यावर काय लिहिलंय ते वाच," मी म्हटलं.

"काय लिहिलंय?"

"वाचता येतं ना तुला? मग वाच."

मी खिडकीची काच पुसायला लागले. त्याने आणखी दोनदा विचारलं. स्टेशनवर उतरताना त्याचा रंग जरा उतरला होता. गाडी सुटली, थोड्या वेळाने ॲडम्सटाउनचे दिवे आले आणि गेले. मी पिशवीतून यामिनीचा डबा काढला. 'चि. सौ. कां. यामिनी हिस, मामाकडून'. आत करंज्या आणि लाडू. एक करंजी खाल्ली. खुसखुशीत होती. शेजारी बसलेल्या आयरिश बाईला लाडू दिला, तिने तो अर्धा खाऊन रुमालात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, मला सुट्टी होती. चहा ठेवला आणि फोन वाजला. हृषीकेश.

"डॉक्टर. डबा."

"वाचलास?"

"वाचला. म्हणजे तिला... पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू सांगशील म्हणून थांबली आहे ती. कुठे आहे आत्ता?"

"आत आवरतेय. डॉक्टर, सांगतो मी. सगळं सांगतो. डोकं दुखलं ते, खाली पाठवलं ते, गाडीत वाकून बसलो ते, खिंडीतला फोटो, सगळं." त्याने आवाज खाली आणला. "पण गाढवाचं कसं सांगू हो?"

आणि त्याच्या मागून, अगदी जवळून, यामिनीचा आवाज आला. "कसलं गाढव?"

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. डब्याचं झाकण लागलं. खुर्ची सरकली. "बस," यामिनी म्हणाली. "चहा मी करते. तू सांग." पाणी उकळायला लागलं. मग तो बोलायला लागला, हळूहळू, अगदी सुरुवातीपासून. रस्ता संपतो तिथे गाढवं वाट बघत उभी होती, इथपासून.

मी फोन बंद केला. पुढचं मला माहीत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

चहा घेऊन मी ओट्यापाशी उभी राहिले. बाहेर पाऊस होता. यामिनीचा डबा समोर होता, रिकामा परत करता येणार नव्हता, त्यात काय भरावं याचा विचार करत होते. घर गप्प होतं. रेडिओ लावायला हात गेला, पण लावला नाही. घड्याळाकडे बघितलं आणि मनात हिशेब केला, आता ते पहिल्या मुक्कामावर असतील, तंबू गोठलेला. आता चढ लागला असेल.

चहा संपला तेव्हा पुन्हा बघितलं. आता ती दोघं गाढवापर्यंत पोचली असतील.